भाकड महिन्यांचे खाते उघडा: मराठवाड्यातील दूध संघांना खुले पत्र

प्रति,
मराठवाड्यातील सहकारी व खासगी दूध संघांची संचालक मंडळे आणि गावोगावच्या दूध संकलन केंद्रांचे चालक यांस,

विषय: नवजात वासरांवरील ऑक्सिडेटिव्ह ताण आणि गाभण जनावरांच्या शेवटच्या दोन महिन्यांतील पशुखाद्याची उधारी

सप्रेम नमस्कार.

पशुधन विकास अधिकारी म्हणून माझ्या सेवेची बहुतेक वर्षे बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात गेली. निवृत्तीनंतरही लोक रात्री-अपरात्री दार वाजवतात, त्यामुळे गोठ्याशी असलेला संबंध तुटलेला नाही. पत्र लांबणार आहे, म्हणून मागणी आधीच सांगून टाकतो. आपल्या केंद्रावर दूध घालणाऱ्या शेतकऱ्याला आपण पशुखाद्य आणि खनिज मिश्रण उधारीवर देता व त्याचे पैसे दूधबिलातून कापून घेता. जनावर आटले की बिल बंद होते आणि बिल बंद झाले की उधारीही बंद होते. ही उधारी गाभण जनावराच्या शेवटच्या ६० दिवसांत चालू ठेवावी आणि तिची वसुली व्यायल्यानंतरच्या बिलांतून करावी, एवढीच माझी विनंती आहे. तिचे कारण मात्र हिशेबाच्या वहीत सापडणार नाही; जन्मल्या जन्मल्या वासराच्या रक्तात जे घडते त्यात ते आहे.

मे महिन्यातली एक दुपार मला विसरता येत नाही. पत्र्याचा गोठा, बाहेर पारा बेचाळिसाच्या पुढे, आणि तासाभरापासून कळा देणारी पहिलारू संकरित गाय. वासराचे पुढचे दोन्ही पाय बाहेर आले होते आणि मान आत वळली होती. मान सरळ करून, पायांना दोरी लावून दुपारी दीडच्या सुमारास वासरू बाहेर काढले तेव्हा त्याची जीभ सुजून निळसर पडली होती. नाकातोंडातला चिकटा काढला, नाकपुडीत गवताची काडी फिरवली, अंग खसाखसा पुसले, तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला. मी लगेच चीक पाजायला सांगितला, तर घरातल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "वार पडू द्या की सायेब, वार पडल्याबिगर चीक पाजीत न्हाईत." मला पुढच्या गावाहून बोलावणे आले होते; पुन्हा एकदा बजावून मी निघालो. वार, म्हणजे वासराला पोटात आईशी जोडणारा जार, पडायला रात्रीचे नऊ वाजले. मधल्या वेळात शेजारचा एक मुलगा खरवसासाठी चीक मागायला स्टीलचा डबा घेऊन दोनदा येऊन गेला होता. वासराच्या पोटात पहिला घोट गेला तो जन्मानंतर साडेसात तासांनी, आणि तोही अर्धा लिटर. तिसऱ्या दिवशी त्याला हगवण लागली, पाचव्या दिवशी ते गेले. दप्तरात मृत्यूचे कारण 'हगवण' असे लिहिले गेले. ते अक्षर माझेच आहे, आणि ती नोंद अपुरी आहे हे मला लिहितानाही कळत होते.

पोटात असताना वासराला ऑक्सिजन आईच्या रक्तातून, वारेमार्फत, बेताचाच मिळतो. त्याच्या रक्तातील ऑक्सिजनचा दाब जन्मानंतरच्या दाबाच्या निम्म्याहूनही कमी असतो. पहिल्या श्वासाबरोबर फुप्फुसे उघडतात आणि काही मिनिटांत सगळ्या पेशींना ऑक्सिजनचा असा पुरवठा सुरू होतो की जो त्यांनी आजवर कधी अनुभवलेला नसतो. पेशी हा ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात, पण त्यातला थोडा भाग अर्धवट वापरला जाऊन सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मोकळे लोह आसपास असेल तर हायड्रॉक्सिल, अशा अतिक्रियाशील रूपांत सुटा होतो. यांपैकी सुपरऑक्साइड आणि हायड्रॉक्सिल यांना मुक्त मूलके म्हणतात. त्यांचा पहिला घाव पेशीच्या आवरणातील चरबीवर पडतो. गोडेतेलाचा डबा उघडा राहिला की तेल खवट होते, हे प्रत्येक घरात माहीत आहे. पेशीचे आवरण बिघडते तेही याच रासायनिक रीतीने. तेलाचा खवटपणा तपासताना जे मॅलोनडायअल्डिहाइड मोजतात तेच ऑक्सिडेटिव्ह ताण पाहण्यासाठी वासराच्या रक्तातही मोजले जाते. प्रसूती अडली, वासरू गुदमरले आणि मग एकदम श्वास मिळाला, तर हा मारा आणखी वाढतो. वर सांगितलेले निळ्या जिभेचे वासरू त्याच वाटेने जगात आले होते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. मुक्त मूलके म्हणजे निव्वळ विष, असे नाही. शरीरात शिरलेल्या जंतूंना पांढऱ्या पेशी मारतात त्या याच हत्याराने. प्रश्न तोल ढळण्याचा आहे. निर्मिती वाढली आणि आवरणारी यंत्रणा तोकडी पडली, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. त्यात पांढऱ्या पेशींची स्वतःचीच आवरणे खराब होतात, आतड्याचे आणि फुप्फुसाचे अस्तर नाजूक बनते, आणि मग निरोगी वासराने सहज परतवला असता असा साधा जंतूही भारी पडतो. हगवण आणि फुप्फुसदाह हे वासरांच्या मरतुकीतले ठळक आजार आहेत, आणि दोन्हींची दारे बऱ्याचदा अशी आधीच किलकिली झालेली असतात.

आवरणारी यंत्रणा मोठी सुबक आहे. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे विकर (एन्झाइम) पहिल्या मूलकाला पकडून त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. अमेरिकी शास्त्रज्ञ जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये त्याचे हे काम दाखवून दिले; त्याला एका रूपात तांबे व जस्त लागते, दुसऱ्या रूपात मँगनीज. पुढे कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही विकरे त्या पेरॉक्साइडचे पाणी करून टाकतात. यातल्या दुसऱ्या विकराच्या गाभ्यात सेलेनियम असते, हे १९७३ मध्ये सिद्ध झाले आणि कुठल्याशा विषारी धातूसारखा वाटणारा हा घटक चिमूटभर का होईना अत्यावश्यक का आहे, याचा उलगडा झाला. चरबीच्या थरात बसून खवटपणाची साखळी तोडण्याचे काम जीवनसत्त्व ई करते, आणि वापरले गेलेले ई पुन्हा कामाला लावण्यात जीवनसत्त्व क मदत करते. जीवनसत्त्व ई चा शोध १९२२ मध्ये हर्बर्ट इव्हान्स आणि कॅथरीन बिशप यांनी लावला तो उंदरांच्या माद्यांच्या पोटी पिले का टिकत नाहीत हे शोधताना; त्याच्या टोकोफेरॉल या नावातही 'प्रसूती' हा अर्थ देणारा ग्रीक शब्द आहे. नाव ठेवणाऱ्यांनी नेमके ठेवले.

आता यातले वासराच्या स्वतःच्या हातात काय असते ते पाहू. विकरे बनवण्याची क्षमता त्याच्यात असते, पण त्यांना लागणारे सेलेनियम, जस्त, तांबे आईने वारेतून दिलेले असेल तेवढेच. जीवनसत्त्व क गाय स्वतःच्या यकृतात तयार करते, पण वासराचे यकृत पहिल्या काही आठवड्यांत ते पुरेसे करू शकत नाही. आणि जीवनसत्त्व ई तर वार ओलांडून जवळजवळ जातच नाही. वासरू ई च्या बाबतीत रिकाम्या हातांनी जन्माला येते आणि त्याची पहिली शिदोरी म्हणजे चीक. चिकात जीवनसत्त्व ई आणि अ नेहमीच्या दुधाच्या कित्येक पट असते, त्यातले लॅक्टोफेरिन हे प्रथिन मोकळे लोह बांधून ठेवते, आणि रोगांशी लढणारी प्रतिपिंडे असतात ती वेगळीच, कारण गाईम्हशींच्या वारेतून प्रतिपिंडेही पलीकडे जात नाहीत. मात्र ही शिदोरी आईच्या कासेत आयती उगवत नाही. चिकात ई किती उतरेल हे व्यायच्या आधीच्या आठवड्यांत आईच्या गव्हाणीत काय पडले यावर ठरते, आणि ते आठवडे म्हणजेच आपल्या वहीतला बिनव्यवहाराचा काळ.

त्या काळात मराठवाड्यातल्या गव्हाणीत काय पडते, हे मी आपल्याला सांगायला नको. रब्बी ज्वारीचा कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, रानात उन्हात वाळतो, मग गंजीवर चढतो आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवला जातो. हिरव्या वैरणीत जीवनसत्त्व ई आणि बीटा कॅरोटीन भरपूर असते. उन्हात वाळवताना आणि नंतर साठवणीत त्याचा बहुतांश भाग नष्ट होतो. कडब्याने पोट भरते, रवंथ चालते, जनावर उपाशी दिसत नाही, आणि म्हणूनच ही उणीव डोळ्यांना दिसत नाही. जोडीला सोयाबीनचे भुसकट असेल, गाळप हंगामात उसाचे वाढे असतील. दुधात असलेल्या गाईपुढे सरकी पेंड आणि मक्याचा चारा पडतो. आटलेल्या गाईला दावणीच्या टोकाला बांधून 'हिला आत्ता कशाला' म्हणून उरलेले टाकले जाते. यात शेतकऱ्याचा नाठाळपणा नाही. ज्या जनावराचे बिल येत नाही त्याला रोखीने पेंड घालणे त्याला परवडत नाही, आणि ज्या भागात २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरव्या वैरणीचा उपदेश करताना माणसाने जरा जपूनच बोलावे.

म्हशीचा हिशेब तर याहून अवघड आहे. आपल्याकडच्या बहुतेक म्हशी पावसाळ्यापासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत व्यातात. जुलैच्या सुरुवातीला व्यायची म्हैस मे आणि जूनमध्ये शेवटच्या दोन महिन्यांत असते, म्हणजे ऊन सर्वांत कडक, कडबा सर्वांत जुना आणि हिरवळ सर्वांत कमी, असे तिन्ही एकाच वेळी तिच्या वाट्याला येते. गाभणपणाच्या अखेरीस उष्णतेचा ताण सोसलेल्या गाईंची वासरे वजनाने कमी भरतात आणि चांगला चीक पाजूनही त्यांच्या आतड्यातून प्रतिपिंडे कमी शोषली जातात, हे फ्लोरिडा विद्यापीठातील अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. तिथल्या अशा कालवडी पुढे व्यायल्या तेव्हा पहिल्या वेताचे दूधही कमी निघाले. तिथली उष्णता दमट आहे, आपली कोरडी आहे, पण पत्र्याखाली बांधलेल्या काळ्या म्हशीला या फरकाचे फारसे सुख नाही. पत्र्यावर पाचट टाकणे आणि दुपारी दोनदा अंगावर पाणी मारणे एवढे तरी आटलेल्या जनावरालाही मिळायला हवे. आज ते दुभत्यालाच मिळते.

जमिनीचाही यात वाटा आहे. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनींत पिकांना जस्त कमी पडते, हे कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना वर्षानुवर्षे सांगत आले आहे आणि शेतकरी झिंक सल्फेट टाकतोही. पिकाची ही ओढाताण वैरणीतून जनावरापर्यंत येते, आणि जस्त हे सुपरऑक्साइड डिसम्यूटेज या वर सांगितलेल्या पहिल्या विकराचे सुटे भाग पुरवणारे खनिज आहे. खनिज मिश्रण लागते ते यासाठी. मोठ्या जनावराला दिवसाला ५० ग्रॅम धरले तर ६० दिवसांचे ३ किलो होते. आपल्या गोदामातल्या पिशवीवरची किंमत पाहून आपणच गुणाकार करावा. व्यायल्यानंतरच्या पहिल्या पंधरवड्याच्या बिलाशी तो आकडा ताडून पाहिला तर वसुलीची चिंता किती करायची हे ठरवता येईल.

पेंडीबद्दल एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण ती आपल्याच गोदामांशी निगडित आहे. जुनी, खवट वासाची पेंड आटलेल्या जनावरासाठी 'चालते' असे समजून खपवली जाते. खवट चरबी ही आधीच ऑक्सिडीकृत झालेली चरबी असते. ती खाद्यातले जीवनसत्त्व ई खाऊन टाकते आणि जनावराची गरज उलट वाढवते. बुरशी लागलेल्या पेंडीतले अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतावर हाच ताण आणते. पोत्यात हात घालून मूठभर पेंड नाकाशी धरावी. वास आला तर ती गाभण जनावरासाठी नाही.

खाते कसे उघडायचे, ही अडचण आपण पुढे कराल, तर त्याची सगळी सामग्री आपल्याकडे आजच आहे. कृत्रिम रेतनाची तारीख नोंदलेली असते, जनावराच्या कानात बारा अंकी बिल्ला असतो, आणि गाभण तपासणी झालेली असते. गाईचा गाभणकाळ साधारण २८० दिवसांचा आणि म्हशीचा ३१० दिवसांचा. रेतनापासून गाईचे २२० दिवस आणि म्हशीचे २५० दिवस भरले की केंद्रचालकाच्या वहीत एक नाव वर यावे आणि त्या दिवसापासून खाद्य व खनिज मिश्रण चालू व्हावे. शेतकऱ्याने जनावर विकले किंवा ते दगावले तर उधारी बुडेल, ही भीती खरी आहे. पण असा धोका आपण दुभत्या जनावरावरही घेताच, आणि बिल्ल्यावर नोंद असलेले जनावर शोधणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

संघाचा यात फायदा काय, असे एका केंद्रावर मला तोंडावर विचारण्यात आले होते. 'वासरू शेतकऱ्याचे, आम्ही दुधाचे,' असे ते म्हणाले. त्यांना मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही, ते आज देतो. जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम कमी पडलेल्या गाईची वार वेळेवर पडत नाही, गर्भाशयाला सूज येते, कासदाह लवकर होतो आणि दुधातल्या पेशींची संख्या वाढते. ज्या वेताची सुरुवात अशी होते त्यात दूध शिगेला पोहोचत नाही. म्हणजे आपण भाकड काळात वाचवलेली उधारी पुढच्या दहा महिन्यांत लिटरांनी फेडतो.

वार आणि चीक यांची सांगड मात्र मला सर्वांत जास्त छळते. ई आणि सेलेनियमची तीच कमतरता ज्या गाईत असते तिची वार अडकते. आणि वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही अशी रीत असल्यामुळे नेमक्या त्याच गाईचे, म्हणजे सर्वांत रिकाम्या हातांनी आलेले, वासरू सर्वांत जास्त वेळ उपाशी राहते. कमतरता आणि रीत एकमेकींच्या हातात हात घालून चालतात. खरे तर वासराने कास ओढली की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, त्याने गर्भाशय आकुंचन पावते आणि वार पडायलाच मदत होते. त्या म्हाताऱ्या बाईंना मी हे समजावले असते तर त्यांनी ऐकले असते, असे मला आता वाटते. त्यांनी स्वतः आठ-दहा बाळंतपणे केली होती, बाळाला अंगावर पाजले की बाईचे पोट दुखून येते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले माहीत होते. मी फक्त हुकूम सोडला आणि मोटारसायकलला किक मारली.

वेळेचे गणित कडक आहे. वासराच्या आतड्यातून प्रतिपिंडे न मोडता जशीच्या तशी शोषली जातात ती पहिल्या काही तासांत; ही क्षमता तासागणिक घटत २४ तासांच्या आसपास संपते. निरोगी वासरू तासाभरात उभे राहते आणि दोन तासांत कास शोधते. त्या दोन तासांत वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका चीक पोटात जायला हवा, म्हणजे २० ते २५ किलोच्या देवणी किंवा लाल कंधारी या स्थानिक जातींच्या वासराला दोन ते अडीच लिटर, आणि पुढचे पाजणे बारा तासांच्या आत. अर्धा लिटर पाजून 'चीक दिला' म्हणणे ही स्वतःची समजूत घालणे आहे. गोऱ्हा असेल तर हात आणखी आखडतो. देवणीच्या गोऱ्ह्याला बैल म्हणून भाव असतो, त्यामुळे तो तरी पोटभर पितो. संकरित गाईच्या गोऱ्ह्याची कथा निराळी आहे आणि ती आपण सगळे जाणतो.

चीक दाट आणि पिवळा असला की चांगला, असा आपला अंदाज असतो. गाईच्या बाबतीत त्यात थोडे तथ्य आहे, कारण तो पिवळेपणा बीटा कॅरोटीनचा असतो आणि नुसत्या कडब्यावर राहिलेल्या गाईचा चीक फिका पडतो. म्हैस मात्र कॅरोटीनचे जीवनसत्त्व अ करून टाकते, त्यामुळे तिचा चीक चांगला असूनही पांढराच दिसतो. डोळ्यांवर विसंबायचे नसेल तर उसाच्या फडात रसाचा ब्रिक्स (विरघळलेल्या घटकांचे प्रमाण) पाहण्यासाठी जो हातातला रिफ्रॅक्टोमीटर वापरतात तोच चालतो. काचेवर चिकाचे दोन थेंब टाकून उजेडाकडे धरायचे. २२ किंवा त्याहून जास्त ब्रिक्स आला तर प्रतिपिंडांच्या दृष्टीने चीक चांगला. मी माझ्या धाकट्या मेहुण्याकडून त्याचा जुना रिफ्रॅक्टोमीटर मागून आणला आणि तो परत द्यायचे नाव काढत नाही. प्रत्येक केंद्रावर असा एक असावा. फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅटव्यतिरिक्त घनघटक) मोजणाऱ्या यंत्राशेजारी त्याला फार जागा लागणार नाही.

खरवस बंद करा, असे मी म्हणणार नाही. तसे म्हटले तर माझ्या घरातच मला कोणी उभे करणार नाही. चांगली गाय पहिल्या दोन-तीन दिवसांत वासराच्या गरजेहून जास्त चीक देते. आधी वासराचे मोजून पाजावे, मग डबा भरावा. अन्न मानकांनुसार विक्रीचे दूध चिकापासून मुक्त असावे लागते, त्यामुळे आपल्या कॅनमध्ये तो चालतच नाही. तो उरलेला पहिल्या दिवसाचा चीक लिटर-लिटरच्या पिशव्यांत गोठवून ठेवणारा एखादा डीप फ्रीजर तालुक्याच्या केंद्रावर ठेवता आला, तर आई मेलेल्या किंवा कास आटलेल्या गाईच्या वासराला आधार होईल. तो वितळवायचा कोमट पाण्यात, उकळत्या पाण्यात नाही, नाहीतर प्रतिपिंडे शिजून जातात. आणि तो फक्त ब्रुसेला (गर्भपात घडवणारा जंतुसंसर्ग) व क्षयरोगाच्या तपासणीत निर्दोष ठरलेल्या गाईंचाच घ्यायचा, हे मात्र अजिबात सैल सोडू नये.

आता औषधांविषयी. आपल्यापैकी काही केंद्रांवर ई आणि सेलेनियमची इंजेक्शने बाटल्यांनी विकली जातात आणि 'एक मारा, वासरू टणटणीत' असे सांगितले जाते. सेलेनियमच्या गरजेत आणि विषबाधेत अंतर फार थोडे आहे. खाद्याच्या शुष्क भागात किलोमागे ०.३ मिलिग्रॅम ही त्याची रूढ शिफारस आहे. पंजाबात नवांशहर आणि होशियारपूरच्या पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम इतके आहे की जनावरांची खुरे गळून पडतात. जीवनसत्त्व ई सुरक्षित समजले जाते, पण त्याचाही अतिरेक होतो: नेदरलँड्समधून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आटवलेल्या गाईंना रोज ३००० आंतरराष्ट्रीय एकके ई दिल्यावर कासदाह घटण्याऐवजी वाढला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये साठवलेल्या वैरणीवर असलेल्या आटलेल्या गाईसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.६ एकके सुचवली होती; ३५० किलोच्या देवणी गाईला त्या हिशेबाने रोज सुमारे ५६० एकके होतात, आणि ओली वैरण भरपूर असेल तर त्याहून बरीच कमी पुरतात. म्हणून माझी मागणी बाटलीची नाही. ती रोजच्या मापाच्या खाद्याची, खनिज मिश्रणाची आणि पाण्याची सोय असेल तिथे दोन गुंठे लसूणघासाची किंवा बांधावरच्या शेवरीची आहे. पाणी नसेल तिथे पावसाळ्यात मक्याचा मुरघास करून ठेवता येतो. त्यात जीवनसत्त्व ई ताज्या वैरणीइतके उरत नाही, पण उन्हात भाजून निघालेल्या कडब्याशी त्याची तुलना नको.

परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. नव्या खात्यावर आलेल्या गाईम्हशींपैकी थोड्यांचे व्यायच्या आधीचे रक्त, त्यांचा पहिला चीक आणि वासराचे दुसऱ्या दिवसाचे रक्त घेऊन त्यात ई, जस्त, सेलेनियम आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज तपासण्याचे काम त्यांच्याकडे सोपवता येईल. नमुने गोळा करणे आपल्या दूध गाडीला अवघड नाही. बर्फाची पेटी तिच्यात तशीही असते. तालुकानिहाय आकडे हाती आले की खनिज मिश्रणात नेमके काय वाढवायचे आणि काय वाढवायचे नाही, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही.

येत्या उन्हाळ्याच्या आधी, म्हणजे फेब्रुवारीच्या बैठकीत, हा विषय घ्यावा अशी विनंती आहे. सगळ्या केंद्रांवर एकदम करायची गरज नाही. एका केंद्रावरच्या पंचवीस म्हशी आणि पंचवीस गाई निवडा, २२० आणि २५० या दिवसांच्या नोंदींनी त्यांचे खाते उघडा, आणि वार पडल्याची वेळ, पहिल्या चिकाची वेळ, त्याचा ब्रिक्स आणि वासराचे तिसाव्या दिवशीचे वजन एवढ्या चारच रकान्यांची वही ठेवा. ती वही लिहायला माणूस मिळत नसेल तर मी येतो. गावात आता मला दुसरे फारसे काम नाही, आणि रिफ्रॅक्टोमीटर माझ्याकडे आहेच.

आपला,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी